जुन्या कॉम्प्युटरला नवे कार्ड : आधी तपासणी, मग खरेदी



भाताची झोडणी उरकली, पेंढा रचून झाला, की घरात दोन पैसे येतात आणि त्या दोन पैशांवर चौघांचा डोळा असतो. कोणाला म्हैस हवी असते, कोणाला पत्रे बदलायचे असतात, कोणाला सोसायटीचा हप्ता दिसत असतो. अशा वेळी वेल्ह्याकडच्या गुंजवणी खोऱ्यातून एका भगिनींचे पत्र आले आहे. नाव छापू नका, असे त्यांनी लिहिले आहे. म्हणून त्यांना मी नुसते ताई म्हणतो.

ताईंच्या मुलीने आयटीआयमध्ये आरेखक (स्थापत्य) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला. भोरचे एक इंजिनिअर तिला घरांचे नकाशे काढायला देतात. ती घरीच बसून काम करते आणि संध्याकाळी आईबरोबर गोठाही आवरते. घरातला कॉम्प्युटर मात्र जुना, कोण्या ऑफिसातून निघालेला. नकाशा उघडायलाच तो दहा मिनिटे घेतो. घर चहूबाजूंनी फिरवून दाखवायचे म्हटले की जागच्या जागी थिजतो. कामे वेळेवर न गेल्याने दोन नकाशे दुसऱ्याच्या हाती गेले. नात्यातला एक मुलगा म्हणतो, ‘ग्राफिक्स कार्ड टाका, पंधरा हजारांत काम होईल.’ घरधनी म्हणतात, ‘भंगारात घाला तो डबा.’ मुलगी म्हणते, ‘मग मी पुण्याला खोली घेऊन राहते.’ ताईंचा प्रश्न एवढाच आहे : भाताच्या पैशातून हे कार्ड घ्यावे काय?

शेतीच्या पानावर कॉम्प्युटर कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरात शेती आहे त्या घराची मिळकत राखणे हेही शेतीचेच काम आहे. शिवाय हाच प्रश्न हिरडस मावळात आणि वेळवंड खोऱ्यातही अनेक घरांत असणार. तेव्हा सगळ्यांसाठीच लिहितो.

हे कार्ड म्हणजे काय?

कॉम्प्युटरच्या डब्यात प्रोसेसर हा मुख्य कारभारी. हिशेब करणे, हुकूम देणे हे त्याचे काम. पडद्यावर चित्र उमटवणे हे वेगळे काम असते. लाखो ठिपक्यांचा रंग दर सेकंदाला अनेक वेळा ठरवावा लागतो. साध्या कॉम्प्युटरमध्ये हे काम प्रोसेसरच्या पोटातलाच एक छोटा भाग करतो आणि त्यासाठी मुख्य मेमरीतली थोडी जागा उसनी घेतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे याच कामासाठी लावलेला स्वतंत्र गडी. त्याची मेमरी त्याची स्वतःची असते. शेकडो छोटी चक्रे एकाच वेळी फिरवून तो चित्र तयार करतो. भात लावणीला एक माणूस दिवसभर वाकण्याऐवजी पंचवीस बाया एका ओळीत उतरल्या म्हणजे जसे होते, तसेच हे.

परंतु लावणीला पंचवीस बाया आणल्या आणि रोपच उपटून तयार नसेल, तर त्या बांधावर बसून राहणार. मजुरी मात्र द्यावी लागणार. सारा प्रश्न इथेच आहे.

जे उणे आहे तेच भरा

भाताचे पान तांबूस पडले की काहीजण युरियाची पिशवी फोडतात. पण तो जस्ताच्या कमतरतेचा खैरा असेल, तर युरिया कितीही टाका, पीक उठत नाही. झिंक सल्फेट पडले की मग उठते. जमिनीत जे अन्नद्रव्य सर्वांत कमी, त्यावरच उत्पन्न अडते. हा नियम कार्ल श्प्रेंगल या जर्मन शास्त्रज्ञाने १८२८ मध्ये मांडला आणि पुढे युस्टुस लीबिग यांनी तो जगभर पोचवला. कॉम्प्युटरलाही हा नियम जशाचा तसा लागू पडतो. प्रोसेसर, मेमरी, साठवणीची डिस्क आणि चित्राचा भाग या चौघांत जो दुबळा, त्याच्याच चालीने सगळे चालते.

दुबळा कोण, हे कळायला दुकानात जावे लागत नाही आणि पैसाही लागत नाही. कॉम्प्युटर चालू करून ज्या कामात तो अडतो तेच काम सुरू करावे. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावी. टास्क मॅनेजर नावाची चौकट उघडते. तिच्यात ‘परफॉर्मन्स’ या पानावर प्रत्येक भागाचा आलेख दिसतो. काम अडलेले असताना शंभर टक्क्यांच्या जवळ कोण चिकटला आहे, ते कागदावर लिहून ठेवावे. असे दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या कामांना करावे. हेच तुमचे माती परीक्षण.

डिस्क शंभरावर असेल, तर जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. दहा मिनिटांत उघडणारी गोष्ट मिनिटाच्या आत उघडू लागते. मेमरी भरलेली असेल, तर मेमरी वाढवावी. आपल्या डब्यात डीडीआर ३ लागते की डीडीआर ४, हे आधी पाहावे, कारण एकीच्या जागी दुसरी बसत नाही. आठ जीबीची एकच पट्टी घेण्याऐवजी चार-चारच्या दोन सारख्या पट्ट्या बसवल्या, तर कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरचे चित्रसुद्धा थोडे वेगाने उमटते, कारण पोटातला चित्राचा भाग याच मेमरीवर जगतो. प्रोसेसर शंभरावर असेल, तर कार्डाने फरक पडणार नाही. ‘जीपीयू’ असे लिहिलेला आलेख शंभरावर असेल आणि बाकीचे निवांत असतील, तरच कार्डाची गरज आहे असे समजा.

कोणत्या कामाला कार्ड लागते?

सातबारा काढणे, महाडीबीटीवर अवजाराचा अर्ज भरणे, निकाल पाहणे, टंकलेखन, दूधसंघाचा हिशेब : यांतल्या एकाही कामाला कार्ड लागत नाही. ई-पीक पाहणी तर मोबाइलवरच होते. यूट्यूब अडखळत असेल, तर आधी चित्राची प्रत ७२० किंवा ४८० वर आणून पाहावे.

घराचा सपाट नकाशा, म्हणजे कागदावर काढतो तसा, यालाही भारी कार्ड लागत नाही. ऑटोकॅडच्या अलीकडच्या आवृत्त्या किमान ८ जीबी मेमरी मागतात. ४ जीबीच्या डब्यावर त्या रडतच चालणार. घर पडद्यावर फिरवून दाखवायचे असेल, तर तेथे कार्डाचा उपयोग दिसतो. ब्लेंडर हा फुकट मिळणारा कार्यक्रम किमान ८ जीबी मेमरी आणि चित्रासाठी २ जीबी मेमरी मागतो. व्हिडिओ जोडणाऱ्यांनाही कार्डाचा लाभ होतो. मात्र शेवटचे रंगीत चित्र काही कार्यक्रम कार्डावर करतात, तर काही प्रोसेसरवरच. आपण वापरतो तो कार्यक्रम कशावर करतो, हे काम देणाऱ्या इंजिनिअरला विचारून घ्यावे.

विजेचा हिशेब चुकवू नका

तीन अश्वशक्तीच्या केबलवर साडेसातची मोटर जोडली तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. कॉम्प्युटरमध्ये एसएमपीएस नावाचा वीज देणारा डबा असतो. त्यावरची चिठ्ठी वाचा. मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेले असेल, पण त्यावर भुलू नका. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा आणि त्याला १२ ने गुणा. समजा १४ अँपिअर आहेत. १४ गुणिले १२ म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसरला ६५ आणि मदरबोर्ड, डिस्क, पंखे मिळून साधारण ४५ धरले, तर ११० झाले. उरले ५८. त्यात ३० वॅटचे कार्ड बसते, ७५ वॅटचे बसत नाही.

मदरबोर्डावरच्या लांब खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर जोडावी लागते. सहा टाचण्यांची वायर आणखी ७५ वॅट देते, आठ टाचण्यांची १५० वॅट. ऑफिसातून निघालेल्या डब्यांत या वायरी बहुधा नसतात. म्हणून जुन्या डब्यासाठी खाचेच्या विजेवरच चालणारे कार्ड पाहावे. जीटी १०३० हे सुमारे ३० वॅट घेते, जीटीएक्स १०५० टीआय आणि जीटीएक्स १६५० ही ७५ वॅट घेतात. यांतल्या काही नमुन्यांना वेगळी वायर लागते, तेव्हा पाहून घ्यावे. पहिल्या दोन कार्डांना ऑक्टोबर २०२५ नंतर कंपनीकडून फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळायच्या आहेत, त्याही २०२८ पर्यंतच. भाव करताना हे ध्यानात असू द्या.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते आणि येताना उसळी घेऊन येते. यूपीएस नसेल, तर कार्डाच्या आधी यूपीएस घ्या. ज्या बोर्डात पिन लावता त्याच्या तिसऱ्या भोकाला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही असे समजा आणि ते आधी दुरुस्त करा.

डबा, खाच आणि पडदा

२००४ नंतरच्या कॉम्प्युटरमध्ये पीसीआय एक्स्प्रेस नावाची खाच येऊ लागली. त्याआधीची एजीपी खाच असेल, तर त्या यंत्रावर पैसा घालू नये. ऑफिसातले आडवे, बारीक डबे असतात, त्यांत पूर्ण उंचीचे कार्ड मावत नाही. कमी उंचीचे, ‘लो प्रोफाइल’ कार्ड लागते. खाचेपासून समोरच्या पत्र्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजून कागदावर लिहून न्यावे.

नव्यातले नवे कार्ड जुन्या डब्यात चांगलेच चालेल, असे समजू नये. इंटेल कंपनीची आर्क कार्डे जुन्या मदरबोर्डावर नीट पळत नाहीत. त्यांना लागणारी एक सोय जुन्या बोर्डांत नसते. एएमडीचे आरएक्स ६४०० हे कमी विजेवर चालते खरे, पण जुन्या खाचेत त्याचा वेग घटतो. काही जुन्या बोर्डांवर तर नव्या कार्डाने पडदा काळाच राहतो. म्हणून ‘न चालल्यास परत घेऊ’ असे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पडद्याची वायरही पाहा. जुन्या पडद्यांना निळ्या टोकाची व्हीजीए वायर असते. जीटी १०३० आणि त्यानंतरच्या कार्डांत तो मार्गच ठेवलेला नाही. त्यासाठी एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा जोड घ्यावा लागतो.

जुना माल घेताना

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे. विजेचा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा माल तेथे पुष्कळ मिळतो. कोठेही जा, बैल घेताना जसे दात पाहता, चालवून पाहता, तसेच कार्डाचे करा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची रीत बदलली आणि त्यासाठी रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जगभर जुन्या बाजारात आली. सगळीच वाईट नसतात, पण पंखा खडखडतो का, पट्टीवर जळल्याचा डाग आहे का, हे पाहावे. काही कार्डे तर आत जुनीपुराणी असून वर नव्याचे नाव सांगतात. जीपीयू-झेड नावाचा फुकट कार्यक्रम लावला की बहुतेक सोंगे उघडी पडतात. दुकानातच कार्ड लावून अर्धा तास चालवून दाखवा, असे सांगायला संकोच करू नये.

बसवायची रीत

कॉम्प्युटर बंद करून वायर बोर्डातून काढावी. मग चालू करायचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बाजूचा पत्रा उघडावा. भाताचा भुसकट आणि धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. पाली-झुरळांची घाण आणि उंदराने कुरतडलेली वायर आहे का, तेही पाहावे. कार्डाला हात लावण्यापूर्वी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. थंडीच्या कोरड्या दिवसांत आणि अंगात टेरिकॉट असताना ही वीज जास्त साठते.

मागची आडवी पट्टी काढून कार्ड खाचेत सरळ दाबावे. शेवटची कडी ‘टक्’ वाजली म्हणजे बसले. स्क्रू आवळावा. पडद्याची वायर आता कार्डालाच जोडावी. ती जुन्याच जागी राहिली तर कार्डाचा काही उपयोग होत नाही. मग कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घेऊन चढवावा. पावसाळ्यात वेल्ह्याच्या बाजूला भिंतीही पाझरतात. तेव्हा डबा भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून वर ठेवावा.

पुण्याच्या एका कार्डाची हकिकत

डब्यात कार्ड खोवून जुन्या कॉम्प्युटरला नवे बळ देण्याचा एक मोठा प्रयोग आपल्या पुण्यातूनच देशभर गेला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. डॉ. विजय भटकर तिचे संस्थापक संचालक. १९९१ मध्ये या संस्थेने परम ८००० हा महासंगणक तयार केला, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण खेड्यातल्या माणसाला अधिक जवळचे होते ते जिस्ट कार्ड. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आदींनी देवनागरीसाठी केलेले काम सी-डॅकने पुढे नेले. त्या काळचे कॉम्प्युटर इंग्रजीखेरीज काही जाणत नसत. त्यांच्या खाचेत हे कार्ड बसवले, की त्याच पडद्यावर मराठी उमटू लागे.

पुढे युनिकोड आले आणि मराठी कार्डावाचूनच दिसू लागली. जिस्ट कार्डाची गरज सरली. त्या काळी ते घेणाऱ्यांचा पैसा मात्र वाया गेला नाही, कारण मराठीचे काम दुसऱ्या कशाने होतच नव्हते. जे काम कार्डावाचून अडते आहे त्यासाठी कार्ड घ्यावे. नुसत्या हौसेसाठी किंवा अंदाजाने घेऊ नये.

ताईंना उत्तर

ताई, आता तुमच्या घराचे. प्रथम सोसायटीचे पीककर्ज मुदतीत भरा. मुदत टळली की व्याजाची सवलत जाते, आणि ते नुकसान कोणतेही कार्ड भरून देणार नाही.

दुसरे, मुलीला टास्क मॅनेजरची तपासणी करायला सांगा. नकाशा उघडायला दहा मिनिटे लागतात, या एका गोष्टीवरून मला डिस्क आणि मेमरीचा संशय आहे. तसे निघाले तर एसएसडी आणि मेमरी एवढेच घ्या. त्यावर दोन महिने काम करू द्या. या दोन्ही वस्तू पुढे दुसऱ्या जुळणाऱ्या यंत्रातही घालता येतात.

तिसरे, प्रोसेसरचे नाव पाहा. आय ५-४५७० असे असेल, तर त्यातला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी. विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ज्यांनी वेगळी नोंदणी केली त्यांना सुरक्षेपुरती मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. तुमचा डबा त्याआधीचा असेल, तर पंधरा हजारांचे कार्ड त्यात घालू नका. म्हाताऱ्या बैलाला नवी घुंगुरमाळ घातली म्हणून तो जास्त नांगरत नाही. तेवढ्या पैशात आणखी थोडी भर घालून आठव्या पिढीचा वापरलेला कॉम्प्युटर पाहावा. डबा आठव्या पिढीचा असेल आणि दोन महिन्यांनंतरही फिरते चित्र अडत असेल, जीपीयूचाच आलेख शंभरावर जात असेल, तर विजेचा हिशेब करून कार्ड घ्या. मग तो खर्च योग्य आहे.

चौथे, घरधन्यांसाठी. डबा भंगारात घालू नका आणि मुलीच्या कामाला खेळ समजू नका. तिला वहीत दोन रकाने आखायला सांगा. एकात कोणत्या तारखेला कोणता नकाशा दिला आणि किती पैसे आले, दुसऱ्यात कोणते काम कॉम्प्युटर अडल्यामुळे गेले. दुधाचा हिशेब जसा डेअरीच्या पुस्तकात दिसतो, तसा तिच्या कामाचा हिशेब सगळ्यांना दिसू द्या. पुण्यात खोलीचे भाडे आणि खाणावळ दर महिन्याला द्यावी लागते. डिस्क आणि मेमरीचा खर्च एकदाच. दोन्ही आकडे शेजारी मांडा आणि निर्णय तिघांनी बसून घ्या. मुलीला पुण्याला जायचेच असेल तर ती जाईल, पण केवळ एका जुन्या हार्ड डिस्कमुळे तिला घर सोडावे लागू नये.

आणखी कोणाला याबाबत लिहायचे असेल, तर पत्रात प्रोसेसरचे पूर्ण नाव, मेमरी किती, एसएमपीएसवरच्या १२ व्होल्टच्या रकान्यातला अँपिअरचा आकडा, आणि काम अडते तेव्हा कोणता आलेख शंभरावर जातो, एवढे जरूर कळवा. शेत न पाहता खताची मात्रा सांगता येत नाही, तसेच हेही आहे.

पुढील आठवड्यात उन्हाळी भुईमुगाच्या पेरणीविषयी लिहीन.